पाहुण्यांच्या फाटकातून

बोट शो हा शब्द मुनीराला मुळीच आवडत नसे. रोह्यात तिच्या ओळखीच्या कुणाला तो शब्द ठाऊकही नव्हता, पण तिने तो सव्वीस वर्षं ऐकला होता आणि दर वेळी तो ऐकला की पुढचे दोन-तीन शुक्रवार कोरडे गेले होते.

तिचा नवरा अस्लम शारजाला बोटींच्या एका कारखान्यात सुतार होता. श्रीमंत माणसं सुट्टी घालवायला ज्या बोटींतून समुद्रात जातात, त्या बोटींच्या आतलं लाकूडकाम तो करायचा. कपाटं, पलंग, जिने, स्वयंपाकाचे ओटे. जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा. सुरुवातीला मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात, मग घरी फोन आल्यावर घरी. पण फेब्रुवारी सरत आला की तो म्हणायचा, "आता बोट शो हाय गो. थोडे दिवस फोन होणार नाय." आणि मग खरंच व्हायचा नाही.

थोरली लेक उमामा जन्मली ती अशाच एका मार्चात. पोर अशक्त होती. मुनीरा तिला घेऊन अकरा दिवस दवाखान्यात होती. दुकानात तिने निरोप ठेवला होता, शारजाला जाणाऱ्या एकाच्या हाती चिठ्ठीही धाडली होती. अस्लमचा फोन आला तो बाराव्या दिवशी. तो फोनवर रडला, आणि रडून झाल्यावर म्हणाला, "बोट शो होता गो." मुनीरा त्यावर काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र बसलं ते बसलंच: इकडे ती दवाखान्याच्या बाकावर, आणि तिकडे अस्लम दिव्यांच्या झगमगाटात हिंडतोय.

ते चित्र अस्लमनेच रंगवलं होतं. शो संपला की तो मुलांना फोनवर सगळं सांगायचा. निळा गालिचा कसा होता, येणाऱ्यावर गुलाबपाणी कसं शिंपडत होते, एका बोटीच्या गच्चीवर पोहायचा हौद होता आणि त्या हौदाच्या तळाशी दिवे होते. मुलं फोनला कान लावून एकमेकांना ढकलायची. मुनीरा भांडी जरा जोरात घासायची.

अस्लम कायमचा घरी आला त्यालाही आता सहा वर्षं झाली. गुडघे कुरकुरत होते, बाकी तब्येत चांगली होती. परसात त्याने वाल लावला होता, मोहल्ल्यात कुणाचं दार अडलं की पटाशी घेऊन जायचा. उमामा पेणला राहत होती. धरमतरच्या खाडीवर बार्जमधून माल उतरवणारी एक कंपनी होती, तिच्या सेफ्टी विभागात ती नोकरीला होती. नवरा ओमानला, घरात सासू आणि चार वर्षांची बतूल. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"अम्मी, शनिवारी सकाळी पेणला या तुम्ही दोघं. मुंबईत मोठा बोट शो भरतोय. आमच्या कंपनीला पास आलेत, मी तीन घेतले."

"तुझ्या अब्बांना ने," मुनीरा म्हणाली. "त्यांनी सव्वीस पायलेत, सत्ताविसावा पाहूदे."

अस्लम परसात वालाला पाणी देत होता. मुनीराने त्याला ओरडून सांगितलं. त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि तिथूनच म्हणाला, "नको. मी नाय येत."

"का?"

"काय बघायचं त्यात. बोटीच त्या."

मुनीराला याचं नवल वाटलं. ज्या गोष्टीपायी या माणसाने अकरा दिवस फोन केला नाही, ती गोष्ट त्याला आता बघायलाही नको? तिचं जायचं काही नक्की नव्हतं, ते त्या एका 'नको'ने नक्की झालं.

"मी जाणार," ती म्हणाली. "बघू तर दे, एवढं काय असतंय."

ती जाणार म्हटल्यावर अस्लमही निघाला, आणि शनिवारी पहाटेच्या एसटीने दोघं पेणला पोचली. उमामाने आपली छोटी गाडी काढून ठेवली होती. सासूने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि अंड्याचा पोळा दिला. बतूलला नेणार नाही म्हटल्यावर ती आजीच्या मागे तोंड लपवून बसली. गाडी हमरापूरच्या फाट्यावरून पुढे गेली तेव्हा रस्त्याकडेच्या कारखान्यांत नव्या मूर्ती पांढऱ्या शुभ्र वाळत उभ्या होत्या. गणपतीला अजून सात-आठ महिने होते. अस्लम त्यांच्याकडे बघत होता. एरवी तो प्रवासात बडबडतो, आज गप्प होता. समुद्रावरच्या नव्या पुलावर गाडी चढली तरी गप्पच.

"अब्बा, तब्येत बरी हाय ना?" उमामाने विचारलं.

"बरी हाय, बरी हाय. तू समोर बघ."

भाऊच्या धक्क्याच्या अलीकडे बंदराच्या मोकळ्या जागेत शो भरला होता. लांबूनच पांढरे मोठे मंडप दिसत होते आणि मंडपांच्या मागे बोटींच्या डोलकाठ्या. फाटकावर रंगीत झेंडे होते, कोट घातलेली माणसं होती, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बापही होते. उमामा गळ्यात घालायचे बिल्ले आणायला खिडकीकडे गेली. मुनीराने ओढणी सारखी केली आणि वळून बघते तर अस्लम शेजारी नव्हता.

तो बराच लांब, मंडपाच्या बाजूला गेला होता. तिथे दुसरं फाटक होतं. त्यातून टेम्पो आत जात होते, निळ्या कपड्यांतली माणसं शिड्या आणि पाण्याचे पाइप घेऊन ये-जा करत होती. अस्लम त्या फाटकाशी उभा राहून पहारेकऱ्याशी काहीतरी बोलत होता. पहारेकरी मान हलवत होता.

मुनीरा तिथवर चालत गेली. "इकडं कुठं? दार तिकडं हाय."

"हां, व्हय. चुकलो."

"चुकलात कसे? सव्वीस वर्सं जाताय. सगळीकडं सारखंच असेल ना?"

शेजारी चहाची टपरी होती आणि टपरीजवळ एक सिमेंटचा कठडा. अस्लम त्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "मुनीरा, बस जरा."

ती बसली.

"मी कधी आत गेलो नाय."

"कुठं आत?"

"बोट शोत. एकदापन नाय."

मुनीराला आधी कळलंच नाही. अस्लम समोरच्या निळ्या कपड्यांतल्या माणसांकडे बघत बोलत होता. शोच्या आधी महिनाभर कारखान्यात दिवस-रात्र दोन शिफ्ट चालायच्या. बोट पाण्यात उतरल्यावरही काम संपायचं नाही, मग सुतार आणि पॉलिशवाले बोटीतच राहायचे. कुठल्या तरी फळीखाली पोटावर पडून शेवटचे स्क्रू पिळायचे. शोच्या पहिल्या दिवशी पहाटे आपल्याच पायांचे ठसे पुसत पुसत मागे यायचं आणि गाडीत बसायचं. फाटक उघडायच्या आत सगळे कामगार बाहेर. त्यांना पास नसायचे.

"आमाला निळे कपडे होते," तो म्हणाला. "ह्यांच्यासारकेच. म्हणून पाय आपोआप इकडं वळले."

"आणि तो गालिचा? गुलाबपाणी?"

"गालिचा गुंडाळलेला पायला होता. बाकी फोरमनने सांगितलं. कंपनीच्या पुस्तकात फोटो यायचे."

"म्हणजे तुमी इतकी वर्सं मला खोटं सांगितलंत?"

"खोटं नाय गो. ऐकलेलं सांगितलं."

"त्याला खोटंच म्हणतात!" मुनीराचा आवाज इतका चढला की चहावाल्याने वर पाहिलं. "उमामा दवाखान्यात होती. मी तिथं बसून काय काय मनात आणलं, तुमाला म्हायत हाय? वाटलं, माणूस तिकडं मौज करतोय. तेव्हाच का नाय बोललात, की मी फळीखाली पडलोय म्हणून?"

अस्लमने खाली मान घातली. "तेव्हा कारखान्यातून बाहेर सोडत नव्हते. चिठ्ठी मला शो संपल्यावर मिळाली. आणि मग... पोरं विचारायची ना, अब्बा, काय पायलंत. त्यांना काय सांगू, पायाचे ठसे पुसले? वाटलं, अब्बा मजेत हाय असं त्यांना वाटतंय, तर वाटूदे. तुलापन वाटूदे. तू एकटी सगळं ओढत होतीस. त्यात माझी काळजी कशाला?"

मुनीराला त्याचा राग आला होता, आणि राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. इतकी वर्षं तिने तो झगमगाटात हिंडणाऱ्या एका माणसावर धरला होता. तो माणूस कधी नव्हताच. हा जो शेजारी बसला होता, त्याच्यावर तो राग नीट बसत नव्हता. बाराव्या दिवशी फोनवर तो का रडला होता, तेही तिला आता समजलं. तिने दोन चहा सांगितले.

उमामा बिल्ले घेऊन शोधत आली. "इथं काय बसलाय? काय झालं?"

"तुझ्या अब्बांना विचार," मुनीरा म्हणाली.

अस्लमने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी चार वाक्यांत. उमामा ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, "आणि हौदातले दिवे?"

"ते खरे होते. त्यांचं झाकण मी बसवलंय."

उमामाला हसू फुटलं आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मुनीरा उठली. तिने एक बिल्ला उचलला, अस्लमच्या गळ्यात घातला आणि दोरी मानेवर नीट बसवली.

"चला," ती म्हणाली. "आज दोगंपन पयल्यांदाच बघू. आणि त्या कोटवाल्यांच्या फाटकानं."

आत गालिचा होता. निळा नव्हता, राखाडी होता. गुलाबपाणी कुणी शिंपडलं नाही, पण एका मुलीने तिघांच्या हातांत कापडी पिशव्या दिल्या. पहिल्या मंडपात इंजिनं होती, ओळीने टांगलेली. रेवसकडची चार-पाच कोळी माणसं एका इंजिनाभोवती उभी राहून विक्रेत्याला असे प्रश्न विचारत होती की त्याचा घसा कोरडा पडला होता. पुढच्या मंडपात फायबरच्या बोटी जमिनीवर ठेवलेल्या होत्या. मुनीराने होड्या जन्मभर पाहिल्या होत्या, पण अर्ध्या पाण्यातल्या. बोटीचं पोट तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. जमिनीवर उभी केलेली बोट तिला विलक्षण मोठी वाटली, आणि थोडी उघडीही, जणू पंगतीत कुणाचा पदर सरकलाय. तिने हे उमामाला सांगितलं नाही.

अस्लम हळूहळू मोकळा होत गेला. प्रत्येक बोटीच्या कडेवरून तो हाताचा तळवा फिरवायचा. कुठे मान डोलवायचा, कुठे "अं" म्हणून पुढे जायचा. मुनीरा त्याच्या हाताकडे बघत होती. घरात सहा वर्षं तिने त्या हाताला नळ आणि पटाशी धरताना पाहिलं होतं, पण शारजात तो जे काम करायचा, ते करतानाचा हात ती पहिल्यांदा बघत होती.

मंडपांच्या मागे पाण्यावर तरंगता धक्का होता आणि त्याला मोठ्या बोटी लावल्या होत्या. त्यांतल्या एकीवर लोकांना आत जाऊ देत होते. चपला काढून टोपलीत ठेवायच्या होत्या. बोटीवरच्या तरुणाने आपलं नाव मिथुन सांगितलं. बोलणं अदबीचं होतं, पण सकाळपासून शंभर लोकांना तेच तेच सांगून तो कंटाळला होता. ही बोट इथलीच, धरमतर खाडीकाठच्या यार्डात बांधलेली, असं तो म्हणाला तेव्हा उमामाने कान टवकारले.

जिना उतरून ते आत गेले. बसायची खोली, पुढे दोन लहान खोल्या, आणि मधे स्वयंपाकघर, आपल्या मोरीएवढं, पण चकचकीत. मिथुन म्हणाला, "इथल्या ड्रॉवरला एक युक्ती आहे. बहुतेकांना उघडता येत नाही. बघा प्रयत्न करून."

मुनीराने ड्रॉवरच्या मुठीखाली बोटं घातली, जरासा वर उचलला आणि ओढला. तो उघडला.

"तुम्हाला कसं माहीत?" मिथुन चकित झाला.

"आमच्या घरी असेच हायत."

आणि तसेच होते. अस्लमने सुट्टीवर आल्यावर रोह्याच्या घराचा ओटा केला होता, त्यातले सगळे ड्रॉवर आधी उचलून मग ओढावे लागत. पाहुण्यांना ते उघडायचे नाहीत. फळ्यांना बोटभर उंचीचा कठडा होता, त्यात पीठ अडकायचं आणि मुनीरा त्याला नावं ठेवायची. आता ती इथल्या फळ्यांकडे बघत होती. त्यांनाही तोच कठडा. ओट्याचे कोपरे तसेच गोल घासलेले.

"बोट डुलते ना," अस्लम म्हणाला. "डबे घसरू नयेत म्हणून. आणि डुलताना कोपरा कमरेत घुसू नये म्हणून."

"आणि आपलं घर कुठं डुलतंय?"

"मला दुसऱ्या रीतीनं करता येत नव्हतं गो."

मुनीरा मोठ्याने हसली. वीस वर्षं ती बोटीच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मिथुनचा वैतागलेला आवाज आला. तो उमामाला कपाट दाखवायला गेला होता आणि कपाटाचं दार अडकलं होतं. तो ओढत होता, दार हलत नव्हतं. अस्लम गुडघा धरत खाली वाकला, दाराच्या खालच्या कडेवर नख फिरवलं.

"खालून पॉलिश राहिलंय," तो म्हणाला. "वरून चार हात मारलेत, खालची कड कोरडी सोडलीय. खारी हवा तिथून आत शिरते, लाकूड फुगतं. ओढू नका, बिजागरी उचकटेल. न्हाणीत साबण हाय काय?"

मिथुनने कागदात गुंडाळलेली साबणाची छोटी वडी आणून दिली. अस्लमने दार अंगठ्याने किंचित वर रेटलं, फटीतून साबणाची कड तीन-चारदा फिरवली, आणि एका बोटाने दार उघडलं. मग बंद केलं, पुन्हा उघडलं.

"आजचा-उद्याचा दिवस निघेल," तो म्हणाला. "मग दार काढून खालून घासा आणि पॉलिश करा."

"हे तुम्ही कुठं शिकलात?" मागून एका बाईचा आवाज आला. चाळिशीची, केस बांधलेली, पायांत फक्त मोजे. मिथुन लगेच बाजूला झाला. बाईंनी आपलं नाव सुरभी सांगितलं. यार्ड त्यांच्या वडिलांनी सुरू केलं होतं, आता त्या चालवत होत्या. अस्लमने शारजाच्या कारखान्याचं नाव सांगितलं, आणि वर्षं. सुरभीताईंनी कपाटाचं दार एकदा उघडून, बंद करून पाहिलं.

"माझ्याकडे आठ सुतार आहेत," त्या मग म्हणाल्या. "हात चांगले आहेत सगळ्यांचे. पण ते घरातलं फर्निचर करून आलेले. बोटीचं लाकूडकाम वेगळं असतं, हे मला कळतं, पण शिकवता येत नाही. तुम्ही याल का यार्डात?"

"माझं काम झालं आता," अस्लम म्हणाला. "घरी सांगून आलोय, की परत जाणार नाय."

हे त्याने मुनीराकडे बघून म्हटलं. सहा वर्षांपूर्वी विमानतळावर त्याने तिला खरंच तसा शब्द दिला होता. सुरभीताईंनी आग्रह केला नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "निदान फेरी तरी मारून या. आम्ही अर्ध्या तासाने पाहुण्यांना बंदरात फिरवून आणतो. तुम्ही तर कितीदा गेला असाल."

अस्लमने खाकरल्यासारखं केलं. "नाय. चालत्या बोटीत मी कधी बसलो नाय. आमी ती धक्क्यालाच द्यायचो."

अर्ध्या तासाने बोट सुटली. उमामा पुढे जाऊन बतूलसाठी व्हिडिओ काढत होती. धक्का मागे पडला, वारा सुरू झाला, आणि एका मोठ्या लाँचच्या लाटेवर बोट चढली आणि उतरली. मुनीराला पोटात गुदगुल्या झाल्या. तिचं माहेर कुंडलिकेच्या खाडीपलीकडचं. पूल झाला नव्हता तेव्हा शाळेला, बाजाराला, लग्नालासुद्धा ती होडीतून गेली होती. तिचे पाय आपोआप फाकून उभे राहिले. कठड्याला हात लावायचीही गरज तिला वाटली नाही.

"बघा ना, केवढं पाणी!" म्हणून ती वळली, तर अस्लमचा चेहरा वालाच्या शेंगेसारखा हिरवा झाला होता.

"मुनीरा," तो म्हणाला, "मला कसंतरीच होतंय."

तिने त्याला कसाबसा कडेला नेला. सकाळची भाकरी, अंड्याचा पोळा आणि टपरीचा चहा सगळं अरबी समुद्रात गेलं. मिथुन पाणी घेऊन धावला. सुरभीताईंनी खिशातून आल्याची वडी काढून दिली. उमामा घाबरून आली आणि अम्मीला हसताना बघून तिथेच थांबली. मुनीराला हसू आवरत नव्हतं. ती एका हाताने अस्लमची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने तोंडाला ओढणी लावत होती.

"सव्वीस वर्सं बोटी बांधल्यात!" ती म्हणाली. "सव्वीस वर्सं!"

अस्लमने तोंड धुतलं आणि तोही हसायला लागला. "म्हणून तर सगळे कोपरे गोल करत होतो," तो म्हणाला. "माझ्यासारका कोण आला तर लागू नये."

"लांब बघा," मुनीरा म्हणाली. "पाण्याकडं नाय. त्या डोंगराच्या रेघेकडं बघा. आमच्या होडीत नव्या माणसाला हेच सांगायचे."

तो लांब बघत राहिला. पलीकडे किनाऱ्याची निळी रेघ होती. मुनीरा त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. बोट वळली तेव्हा त्याने एकदा पायाखालच्या सागवानी फळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांधे चांगले धरलेत पोरांनी. लाटेवर एकपन फळी बोलली नाय."

हे तो ज्या आवाजात बोलला, तो आवाज मुनीराच्या ध्यानात राहिला. धक्क्यावर उतरून चपला शोधताना ती सुरभीताईंना म्हणाली, "तुमचं यार्ड पेणपासून किती लांब?"

"वीस मिनिटं."

"मग आठवड्याचे दोन दिवस येतील ते. बुधवार आणि गुरवार. उतरायला लेकीचं घर हाय. रमजानात नाय येणार. आणि दुपारी जेवायला अर्धा तास नाय, पूर्ण एक तास पायजे."

अस्लम एक चप्पल हातात घेऊन उभा होता. "मला विचारशील का नाय?"

"विचारलं. येणार काय?"

"येतो," तो म्हणाला.

तेव्हापासून बुधवारी पहाटे दोघं एसटीने पेणला येतात. मुनीरा बतूलला सांभाळते, तिची विहीण त्या दोन दिवसांत माहेरच्या माणसांना भेटून येते. अस्लम यार्डात जातो. आठांपैकी दोन सुतार त्याच्यापेक्षा वयाने मोठे, ते पहिल्या महिन्यात त्याचं काही ऐकत नव्हते. गुणाजी नावाचा एक तर तोंडावर म्हणाला, की ड्रॉवर सरळ उघडला पाहिजे, नखरे कशाला. अस्लम वाद घालत बसला नाही. त्याने गुणाजीचा ड्रॉवर चमच्यांनी भरला, त्याची चौकट एका फळकुटावर ठेवली आणि लाटेवरच्या बोटीसारखी सगळ्यांसमोर डोलवली. ड्रॉवरमधले चमचे यार्डभर झाले. त्यानंतर गुणाजी सगळ्यात आधी येऊन बसायला लागला.

एका गुरुवारी सुरभीताईंनी मुनीरालाच यार्डात बोलावलं. नवी बोट होती, खाडीतून कुटुंबांना फिरवून आणणारी, आणि तिच्या स्वयंपाकघराचा नकाशा टेबलावर पसरला होता. मुनीराने चष्मा लावून तो दोनदा पाहिला.

"भाकरी कुठं थापायची?" तिने विचारलं.

सगळे सुतार हसले. सुरभीताई हसल्या नाहीत, त्यांनी पेन्सिल काढली. मुनीराने टेबलावर दोन्ही हात ठेवून दाखवलं, परात एवढी, कोपर इथवर येतं, तवा इकडं, आणि खिडकी उघडणारी हवी, नाहीतर धूर डोळ्यांत जातो. ओटा चार बोटं खाली घ्यायला लागला. त्यासाठी खालचं एक कपाट काढून पलीकडे न्यावं लागलं, आणि अस्लम दोन आठवडे त्यावरून कुरकुरत होता.

मे महिन्यात, पुनवेच्या भरतीला, ती बोट खाडीत उतरवली. यार्डातली सगळी माणसं दोर धरून होती. अस्लमने तोंडात आल्याची वडी धरली होती. बोट पाण्यात गेली, एकदा डावीकडे कलली, उजवीकडे कलली आणि उभी राहिली. मुनीरा तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांचा डबा घेऊन आली होती. सुरभीताईंनी तिला सर्वांत आधी बोटीवर चढायला सांगितलं. ती चढली, स्वयंपाकघरात गेली, ओट्याला दोन्ही तळवे टेकवून उभी राहिली.

"बरोब्बर हाय," तिने वर ओरडून सांगितलं. "या खाली, सांदणं खाऊन घ्या."